कोपर आणि दंड: बोटांनी चाचपून आतली रचना कशी ओळखावी

आकृतीत दंडाचा प्रत्येक स्नायू वेगळ्या रंगात असतो. कातडीखाली सगळं एकसारखं मऊ लागतं, म्हणून नवशिका बोटं खुपसून हाड शोधू लागतो. जोरात दाबलं की समोरची व्यक्ती हात ताठ करते, ताठ झालेला स्नायू हाड झाकतो आणि दाबणाऱ्याच्या बोटांनाही काही कळेनासं होतं. त्यामुळे हलक्या हाताने सुरुवात करा आणि ज्या भागाबद्दल शंका असेल त्याला काम लावा. स्नायू आखडायला सांगा, हाड फिरवायला सांगा. काम करताना प्रत्येक भाग स्वतःची ओळख देतो.

तयारी थोडीच लागते: खांदा उघडा राहील असे कपडे, हात टेकवायला टेबल, कातडीवर खुणा करायचं पेन आणि मोजपट्टी. बोटाच्या टोकाऐवजी पेराचा मऊ भाग वापरा. आत-बाहेर या दिशा हात सैल सोडून तळहात पुढे केल्यावरच्या धरायच्या: शरीराकडची बाजू आतली, अंगठ्याकडची बाहेरची. शोधण्याचा क्रम आधी हाड, मग कंडरा (स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी), मग धमनीचा ठोका, आणि नर्व्ह (मज्जातंतू) सगळ्यात शेवटी. हाडाची खूण पक्की नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे होतं.

कोपराची तीन टोकं

कोपर काटकोनात वाकवून टेबलावर टेकवा. टेबलाला लागतं ते अल्नाचं, म्हणजे कोपराखालच्या करंगळीकडच्या हाडाचं, टोक: ओलेक्रॅनन. ते सापडायला कष्ट नाहीत. आतल्या बाजूचा ठळक उंचवटा म्हणजे ह्यूमरसचा (दंडाच्या हाडाचा) मीडियल एपिकॉन्डाइल. बाहेरचा लॅटरल एपिकॉन्डाइल बुटका असतो आणि सरळ हातात स्नायूंच्या आड दडतो. तो सापडत नसेल तर दंडाच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात बाहेरच्या बाजूला हाडाची जी धारदार कड लागते, तिच्यावरून बोट खाली घसरवत या. कड जिथे संपते तिथेच तो आहे.

आता अंगठा एका एपिकॉन्डाइलवर, मधलं बोट दुसऱ्यावर आणि तर्जनी ओलेक्रॅननवर ठेवून मागून बघा. काटकोनात वाकलेल्या कोपरात तिन्ही बिंदूंचा समद्विभुज त्रिकोण होतो. कोपर सरळ केलं की तिन्ही जवळजवळ एका आडव्या रेषेत येतात. हे नातं लक्षात ठेवण्याजोगं आहे. सांधा निखळला तर ओलेक्रॅनन जागेवरून सरकतं आणि त्रिकोण बिघडतो. हाड एपिकॉन्डाइलच्या वर मोडलं तर तिन्ही टोकं एकत्रच सरकतात, म्हणून त्रिकोण शाबूत राहतो. सूज दांडगी असेल तर मात्र बोटांवर विसंबू नका, एक्स-रे लागतोच.

पेनाच्या खुणांबद्दल एक सावधगिरी. कोपराच्या मागची कातडी फार सैल असते. वाकवलेल्या कोपरावर काढलेला ठिपका कोपर सरळ करताच हाडावरून घसरतो. प्रत्येक स्थितीत टोक नव्याने चाचपा आणि नवा ठिपका काढा. जुन्या ठिपक्यावरून घेतलेलं माप हमखास चुकतं.

रेडियसचं डोकं आणि त्याच्या मागचा खळगा

लॅटरल एपिकॉन्डाइलपासून मनगटाच्या दिशेने साधारण दीड-दोन सेंटिमीटर खाली अंगठा ठेवा. कोपर काटकोनातच राहू द्या. आता समोरच्याला तळहात उताणा-पालथा, उताणा-पालथा करायला सांगा. अंगठ्याखाली गोल कडा फिरताना जाणवली की ते रेडियसचं, म्हणजे कोपराखालच्या अंगठ्याकडच्या हाडाचं, डोकं. काहीच फिरत नसेल तर अंगठा अजून एपिकॉन्डाइलवरच आहे, जरा खाली या. तळहात पालथा होताना रेडियस अल्नाभोवती वळतो. अल्ना जवळपास जागच्या जागी राहते. दंडाच्या स्नायूंचं निम्मं गणित या एका गोष्टीने सुटतं, ते पुढे येईलच.

लॅटरल एपिकॉन्डाइल, रेडियसचं डोकं आणि ओलेक्रॅनन यांच्यामध्ये बाहेरच्या बाजूला एक छोटा मऊ खळगा लागतो. सांध्याची पिशवी इथे कातडीच्या सगळ्यात जवळ येते. सांध्यात पाणी किंवा रक्त साठलं की हा खळगा आधी भरतो. दोन्ही कोपरं शेजारी ठेवून बघितली तर फरक डोळ्यांनाही दिसतो. पडल्यानंतर हा खळगा बुजलेला असेल, तर पहिल्या एक्स-रेमध्ये काही दिसलं नाही तरी रेडियसच्या डोक्याला बारीक भेग असू शकते. याउलट ओलेक्रॅननच्या टोकावरच मऊ फुगा आला असेल तर ती बहुधा कातडीखालच्या बर्साची (घर्षण कमी करणाऱ्या द्रवाच्या पिशवीची) सूज असते, सांध्याची नव्हे.

लॅटरल एपिकॉन्डाइलच्या जरा पुढे आणि खाली दाबल्यावर दुखतं, आणि कोपर सरळ ठेवून मूठ मागे वळवताना विरोध केला की तीच कळ येते, तर ते टेनिस एल्बोचं लक्षण. दुखणारा भाग मनगट मागे खेचणाऱ्या स्नायूंच्या उगमाचा असतो. कोपराचा सांधा त्यात सहसा निर्दोष असतो.

पुढचा खळगा: कंडरा, धमनी, नर्व्ह

कोपराच्या पुढच्या त्रिकोणी खळग्याला वरून दोन एपिकॉन्डाइल जोडणारी रेषा, आतून प्रोनेटर टेरीस हा स्नायू आणि बाहेरून ब्रेकिओरेडिॲलिस हा स्नायू अशा सीमा आहेत. इथे बाहेरून आत असा क्रम पाठ असावा: बायसेप्सची (दंडाच्या पुढच्या स्नायूची, म्हणजे बेटकुळीची) कंडरा, ब्रेकिअल धमनी, मीडियन नर्व्ह.

कोपर काटकोनात आणि तळहात उताणा ठेवून मनगटावर हलका विरोध द्या. खळग्याच्या मधोमध दोरीसारखी ताठ होते ती बायसेप्सची कंडरा. तिच्या आतल्या बाजूने एक पातळ, धारदार पट्टा तिरका खाली-आत जातो. तो बायसेप्सचा ॲपोन्यूरोसिस, आणि धमनी त्याच्याखालून जाते.

कंडरा तुटली आहे का हे बघताना याच पट्ट्याने भले भले फसतात. तर्जनीचा आकडा करून तो कंडरेखाली बाहेरच्या बाजूने घालायचा असतो. शाबूत कंडरेखाली बोट चांगलं अडकतं. आतल्या बाजूने घातलं तर बोट पट्ट्यात अडकतं आणि तुटलेली कंडराही शाबूत वाटते. बेटकुळी कुठे सरकली तेही बघा: खालची कंडरा तुटली की ती खांद्याकडे चढते, बायसेप्सच्या दोन शिरांपैकी (वरच्या मुळांपैकी) लांब शिराची वरची कंडरा तुटली की कोपराकडे उतरते.

ठोका शोधताना कोपर जवळजवळ सरळ करून हात सैल सोडायला सांगा. कंडरेच्या लगत आतल्या बाजूला दोन बोटं ठेवा आणि दाब हळूहळू वाढवा. कोपर वाकलेलं किंवा हात ताठ असेल तर ठोका हुकतो. मीडियन नर्व्ह धमनीच्याही आत असते. ती बोटाला स्पष्ट कळत नाही आणि कळवून घेण्याचा अट्टहासही नको.

रक्तदाब घेताना हीच जागा हवी. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीपासून 2 ते 3 सेंटिमीटर वर, आतल्या रबरी पिशवीचा मध्य धमनीवर, आणि दंड हृदयाच्या पातळीत टेकवलेला. पिशवीची लांबी दंडाच्या घेराच्या सुमारे 80 टक्के आणि रुंदी सुमारे 40 टक्के असावी. जाड दंडाला छोटा पट्टा बांधला तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो. स्टेथोस्कोप पट्ट्याखाली खुपसायची सवय सर्रास दिसते, ती सोडावी.

रक्त घेताना वापरली जाणारी मधली शीर (व्हेन) ॲपोन्यूरोसिसच्या वर, कातडीलगत असते. आतल्या बाजूची शीर दिसायला ठसठशीत असली तरी तिच्या आसपास कातडीची नर्व्ह आणि खोलवर धमनी व मीडियन नर्व्ह असल्यामुळे ती शेवटचा पर्याय मानतात.

दंडाचे स्नायू वेगळे करणं

कोपर वाकवण्याचा मुख्य स्नायू बायसेप्स, असा समज घट्ट बसला आहे. तो चुकीचा आहे. तळहात पालथा ठेवून कोपर सावकाश वाकवा आणि दुसऱ्या हाताने बेटकुळी चाचपा. ती बरीच सैल लागेल, तरी कोपर वाकतंच. काम ब्रेकिॲलिस करतोय. तो बायसेप्सच्या खाली आहे. दंडाच्या खालच्या निम्म्या भागात, बायसेप्स आणि दंडाच्या मागच्या ट्रायसेप्सच्या मधल्या बाहेरच्या खाचेत बोट ठेवलं की घट्ट होताना सापडतो. तो अल्नाला जोडलेला आहे, आणि अल्ना फिरत नाही, म्हणून तळहात कसाही असला तरी त्याची ताकद तशीच लागू होते.

बायसेप्स रेडियसला जोडलेला आहे. त्यामुळे कोपर वाकवणं आणि तळहात उताणा करणं ही दोन्ही कामं तो करतो. कोपर काटकोनात ठेवून उजव्या हाताने स्क्रू घट्ट करण्याची हालचाल करा: प्रत्येक वळणाला बेटकुळी उसळते. सैल करण्याच्या उलट वळणात ती गप्प राहते. खालची कंडरा तुटलेल्या माणसाला वजन उचलण्यापेक्षा स्क्रू पिळताना जास्त अडचण येते, ती याच कारणाने.

अंगठा वर ठेवून, म्हणजे तळहात ना उताणा ना पालथा अशा स्थितीत, विरोधाविरुद्ध कोपर वाकवलं की कोपराच्या बाहेरच्या बाजूला ब्रेकिओरेडिॲलिसचा लांब फुगवटा उठतो.

ट्रायसेप्ससाठी कोपर सरळ करायला सांगून विरोध द्या. मागे घोड्याच्या नालासारखा आकार उठतो. बाहेरचा पाय लॅटरल शीर, आतला पाय लाँग शीर. तिसरं, मीडियल शीर, या दोघांच्या खाली दडलेलं असतं आणि ओलेक्रॅननच्या वर दोन्ही बाजूंना थोडंसंच लागतं. लाँग शीर खांद्याच्या फऱ्याच्या हाडापासून सुरू होतं, म्हणून हात डोक्यावर नेऊन कोपर वाकवलं की ते सर्वाधिक ताणलं जातं.

नर्व्ह कुठे सांभाळायच्या

खांद्यावरचा डेल्टॉइड स्नायू दंडाच्या बाहेरच्या बाजूला साधारण मध्यावर संपतो. त्याच पातळीच्या आसपास हाडाच्या मागून रेडियल नर्व्ह हाडाला चिकटून वळसा घेते आणि लॅटरल एपिकॉन्डाइलच्या सुमारे 10 सेंटिमीटर वर पुढच्या कप्प्यात येते. दंड खुर्चीच्या पाठीवर टाकून गाढ झोपलं तर ती दबते आणि जाग आल्यावर मनगट लुळं पडलेलं असतं. कोपर मात्र सरळ होतं, कारण ट्रायसेप्सच्या बऱ्याचशा फांद्या त्याआधीच फुटलेल्या असतात. दंडात इंजेक्शन देताना म्हणूनच खाली भरकटू नये. ॲक्रोमिअनच्या, म्हणजे खांद्याच्या टोकाच्या हाडाच्या, दोन-तीन बोटं खाली, डेल्टॉइडच्या जाड भागात सुई असावी. फार वर टोचली तर औषध खांद्याच्या बर्सात जाऊन महिनोन्‌महिने दुखणं राहू शकतं.

दंडाच्या आतल्या बाजूच्या खाचेत धमनी, मीडियन आणि अल्नर नर्व्ह सोबत धावतात. धमनी दाबायची वेळ आली तर वरच्या भागात दाब बाहेरच्या दिशेने, हाडाकडे द्यावा लागतो. कोपराजवळ धमनी हाडाच्या पुढे आलेली असते, तिथे दाब मागच्या दिशेने.

अल्नर नर्व्ह मीडियल एपिकॉन्डाइलच्या मागच्या खाचेत बोटाखाली दोरासारखी सरकते. टिचकी मारून झिणझिण्या आणू नका, हलकेच बोट फिरवा. करंगळी आणि अनामिकेच्या करंगळीकडच्या निम्म्या भागात संवेदना उमटली तर ओळख पक्की. काहींच्यात कोपर वाकवताना ती खाचेतून उडी मारून पुढे येते आणि सरळ करताना परत जाते. कोपर पूर्ण वाकवलं की ती ताणली जाते. फोन कानाला लावून बराच वेळ बोलल्यावर करंगळीला मुंग्या येतात त्या यामुळे.

मापं

दंडाचा घेर मोजताना कोपर काटकोनात ठेवून ॲक्रोमिअनपासून ओलेक्रॅननपर्यंतचं अंतर मोजा आणि मध्यावर खूण करा. मग हात खाली सैल सोडूनच पट्टी गुंडाळा. पट्टी कातडीला टेकावी, पण कातडी आत दबू नये. 6 ते 59 महिन्यांच्या मुलात 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी घेर तीव्र कुपोषण दाखवतो. 11.5 ते 12.5 च्या मधला घेर मध्यम.

हालचाल मोजायला गोनिओमीटरचा (कोनमापकाचा) मध्य लॅटरल एपिकॉन्डाइलवर, एक भुजा ॲक्रोमिअनकडे आणि दुसरी मनगटाच्या अंगठ्याकडच्या हाडाच्या टोकाकडे. कोपर साधारण 0 ते 140–150 अंश वाकतं. आधी चांगल्या बाजूचं माप घ्यायचं, कारण काहींचं कोपर मुळातच 5–10 अंश उलट्या बाजूला जातं. सरळ हातात तळहात पुढे केल्यावर कोपराखालचा हात शरीरापासून किंचित बाहेर झुकतो. हा कोन बहुतेकांत 5 ते 15 अंशांचा असतो आणि स्त्रियांत थोडा जास्त.

मार लागलेलं कोपर

इथे चाचपणी आवरती घ्यावी. स्वतःच्या बळाने कोपर पूर्ण सरळ करता येतं का, एवढंच आधी विचारा. येत नसेल तर मोडल्याची शक्यता धरून एक्स-रेला पाठवा, ओढून सरळ करू नका. मनगट धरून ओढल्यानंतर 1 ते 4 वर्षांचं मूल हात किंचित वाकवून, तळहात पालथा ठेवून वापरेनासं झालं आणि सूज नसेल, तर रेडियसच्या डोक्याभोवतीचं कडं घसरल्याचा संभव असतो. ते बसवायचं काम डॉक्टरांचं. मूल उंचावरून पडलं असेल तर मनगटाचा ठोका बघा, मग त्याला अंगठा वर करायला (रेडियल), बोटं फाकवायला (अल्नर) आणि अंगठा-तर्जनीची टोकं जुळवून गोल करायला (मीडियन) सांगा. गोल करताना टोकं न जुळता पेरं चपटी टेकली, किंवा ठोका लागला नाही, तर हात आहे त्या स्थितीत आधार देऊन तातडीने रुग्णालय गाठा.