रोमचा इतिहास वाचायचाय? मग सम्राटांपासून सुरू करू नका

बरेच जण डायरेक्ट सीझर नाहीतर नीरोवर उडी मारतात, मग सारख्या नावांच्या गर्दीत अडकतात आणि पुस्तक बाजूला पडतं. माझं मत, आधी रोममध्ये मतदान कसं चालायचं ते बघा.

कॉन्सुल, म्हणजे रोमचे दरवर्षी निवडले जाणारे दोन सर्वोच्च अधिकारी, निवडणाऱ्या सभेत माणशी मत मोजायचे नाहीत, प्रत्येक गटाचं एक मत. जुन्या रचनेत असे 193 गट, त्यातले 18 घोडेस्वारांचे आणि 80 सगळ्यात श्रीमंत वर्गाचे, म्हणजे 98 झाले, बहुमत तिथेच पूर्ण, आणि बहुमत झालं की मतदान बंद! ज्यांच्याकडे काहीच मालमत्ता नाही अशा सगळ्यांना मिळून एक गट, तोही शेवटी, त्यामुळे बऱ्याचदा नंबरच लागायचा नाही. कागदावर मत सगळ्या पुरुष नागरिकांना होतं बरं का. पुढे विभागणी थोडी बदलली पण पारडं पैसेवाल्यांकडेच झुकलेलं राहिलं.

मग ट्रिब्यून हे पद समजून घ्या. सामान्य लोकांचा माणूस, अंगाला हात लावायचा नाही, आणि हातात व्हेटो, म्हणजे निर्णय अडवायचा अधिकार.

आता इ.स.पू. 133 वर या, आणि इथे घाई करू नका. ट्रिब्यून टायबेरियस ग्राकस म्हणाला सरकारी जमीन ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त कोणी दाबून ठेवायची नाही, उरलेली गरिबांना वाटायची. दुसरा ट्रिब्यून ऑक्टेव्हियसने व्हेटो मारला, तर याने सभेकडून त्यालाच पदावरून काढलं, वर पुन्हा निवडणुकीला उभा राहिला. शेवटी सिनेटर (सिनेट म्हणजे रोमच्या बड्या लोकांची सभा, तिचे सदस्य) आणि त्यांच्या माणसांनी बाकांचे तुटलेले पाय घेऊन त्याला मारलं, प्रेत टायबर नदीत.

इथून पुढे वाचताना दोनच प्रश्न विचारत राहा, जमीन कोणाला मिळतेय आणि सैनिक कोणाच्या भरवशावर जगतोय. इ.स.पू. 107 ला सेनापती मारियसने भूमिहीनांना सैन्यात घेतलं, त्यांना नंतर जमीन हवी, ती मिळवून देणार सेनापती, मग इ.स.पू. 88 ला सुल्ला नावाचा सेनापती सैन्य घेऊन रोममध्येच घुसला यात नवल काय? सीझर इ.स.पू. 49 ला तसाच सैन्य घेऊन आला तोवर वाट मळलेली होती.

नावांचं टेन्शन नको, मार्कस-गायस ढिगाने सापडतील, शेवटचं नाव धरून चाला.

एवढं झालं की पहिला सम्राट ऑगस्टस घ्या. त्याने सिनेट, कॉन्सुल काहीच बंद केलं नाही, फक्त इ.स.पू. 23 साली ट्रिब्यून न होताच ट्रिब्यूनचे अधिकार कायमचे स्वतःकडे घेतले.