मर्टेन्सिया दरवर्षी का मरते? या चुका टाळा

मर्टेन्सिया मारिटिमा ही समुद्रकिनाऱ्यावरची वनस्पती उपासमारीने मरत नाही, ती लाडाने मरते. आइसलंड, नॉर्वे, ग्रीनलंड, स्कॉटलंडच्या किनाऱ्यांवर भरतीच्या रेषेलगत, नुसत्या गोटे-वाळूत ही पसरते. जाड, निळसर राखाडी पानं. कळ्या गुलाबी, उमलल्या की निळ्या. पान चावलं की कालवांची चव लागते, म्हणून इंग्रजीत नाव ऑयस्टर प्लांट.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे बी उबेत पेरणं. या बीला आधी हिवाळा दाखवावा लागतो. काही आठवडे ओली थंडी मिळाली नाही तर ते बहुधा झोपूनच राहतं. मीही पहिल्या वर्षी ट्रे हीटरशेजारच्या खिडकीत ठेवला होता. दोन महिने रोज फवारा मारला, एक कोंब नाही. बी जुनं निघालं असं समजून ट्रे बाहेर भिंतीकडेला सरकवला आणि विसरून गेले. त्यावर बर्फ पडला, माती गोठली, वितळली, परत गोठली. एप्रिलमध्ये पाहते तर शेवाळलेल्या मातीतून अकरा रोपं वर आलेली! तेव्हापासून मी पानगळीच्या दिवसांतच पेरते, वर जेमतेम बी झाकेल इतकी बारीक खडी घालते, उंदरांसाठी जाळी टाकते आणि ट्रे उघड्यावर सोडते. ओलसर वाळूत घालून डबी सहा आठवडे फ्रिजमध्ये ठेवली तरी चालतं. पण फ्रिजवाले दर तीन दिवसांनी झाकण उघडतात आणि पंधराव्या दिवशी कंटाळून पेरून टाकतात. एवढा धीर नसेल तर सरळ तयार रोप आणा.

दुसरी चूक म्हणजे खतावलेली, ओल धरणारी माती. हिवाळ्यात वरचं सगळं वाळून जातं, जमिनीखाली मूळ तेवढं जिवंत असतं. लोकांना वाटतं झाड सुकलं, आणि ते नोव्हेंबरात पाणी घालतात. मानेपाशी, म्हणजे खोड आणि मूळ जुळतात तिथे, पाणी साचलं की झाड संपलंच. शंका आली तर मानेवर अंगठा दाबून बघा: निरोगी मान टणक लागते, कुजलेली उकडलेल्या बटाट्यासारखी दबते. मी तीन भाग खडी आणि जाड वाळू, एक भाग साधी माती घेते, खत अजिबात नाही. कुंडी खोल, कारण सोटमूळ लांब जातं. मानेभोवती दोन बोटं गोट्यांचा थर.

समुद्राकाठचं झाड म्हणून मिठाचं पाणी घालू नका. ते खारं सोसतं, त्याला खारं लागतं असं नाही.

गोगलगायी एका रात्रीत रोप फस्त करतात. टॉर्च घेऊन उतरा, हाताने वेचा.

मोठं झाड हलवू नका. सोटमूळ तुटलं की ते सहसा सावरत नाही.

आणि किनाऱ्यावरून उपटून तर मुळीच आणू नका. ब्रिटनमध्ये दक्षिणेकडच्या कित्येक किनाऱ्यांवरून ही आधीच नाहीशी झाली आहे, आणि जागामालकाच्या परवानगीशिवाय रानातलं कुठलंही झाड मुळासकट उपटणं तिथे १९८१ च्या कायद्याने गुन्हा आहे. उपटलेलं झाड घरी येईपर्यंत मूळ तुटून अर्धमेलं झालेलं असतं, तिकडे किनाऱ्यावर मात्र खड्डा राहतो.