लॉकडाऊनमध्ये दिलेला फोन पोरांच्या हातून सुटेना? असं करून बघा

मी कराडला आठवी ते दहावीच्या शिकवण्या घेते. पालकांची तक्रार ठरलेली: "मॅडम, मोबाइल सोडतच नाही ओ."

आत्ताची दहावीची मुलं कोरोनात पाचवीच्या आसपास होती. फोन आपणच हातात दिला, कारण शाळाच त्यात भरत होती. त्याच 2020 सालात जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामचे रील्स सुरू झाले, सप्टेंबरात यूट्यूबचे शॉर्ट्स. तासाची लिंक आणि रील्स एकाच स्क्रीनवर! शाळा उघडल्या, सरमिसळ तशीच राहिली. म्हणून फोन हिसकावून काही होत नाही. "अभ्यासाचं बघतोय" हे उत्तर तयार असतं आणि बऱ्याचदा ते खरंही असतं.

तेव्हा आधी अभ्यास फोनमधून बाहेर काढा. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप आईच्या नाहीतर वडिलांच्या नंबरवर घ्या. गृहपाठ वहीत उतरवून घ्यायला लावा, पीडीएफ असेल तर झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणा. चार पैसे जातात, जाऊ देत.

मग अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' उघडा. कुठल्या ॲपवर किती वेळ गेला ते तिथं दिसतं. पोराच्या शेजारी बसून बघा, आणि पहिल्यांदा स्वतःचा फोन उघडा. माझ्याकडचा नववीतला एकजण ते आकडे बघून म्हणाला, "मॅडम, मी यूट्यूबवर गाणी लावून झोपतो, तेपण यात धरलंय." बरोबर होतं त्याचं. त्याला ओरडण्यात अर्थ नव्हता. रात्रीच्या फोनची सोय लावायची होती. चार्जर स्वयंपाकघरात नेला, गाण्यांना घरातला जुना रेडिओ दिला. गजराचं साधं घड्याळही आणा, नाहीतर "गजर लावायचाय" म्हणून फोन परत उशाशी येतो.

तिथंच प्रत्येक ॲपला टायमर लावता येतो. वेळ किती ते मुलालाच ठरवू द्या. तुम्ही लादलेला टायमर तो दुसऱ्या दिवशी काढून टाकेल, पासवर्ड नसतो त्याला. यूट्यूबची वॉच हिस्ट्री पुसून बंद करा. मग होमवर सुचवलेल्या व्हिडिओंची रांग लागत नाही, हवं ते शोधून मात्र बघता येतं. बीजगणिताचा व्हिडिओ शोधायला गेलेलं पोर त्यामुळं वाटेत कमी अडकतं.

आता अवघड भाग. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात ऑगस्ट 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजायला लागला, आणि दीड तास गावात टीव्ही-मोबाइल बंद. तिथं नियम पोरांपुरता नव्हता, सगळ्यांना होता, आणि मला वाटतं खरी मेख तिथंच आहे. आपल्या घरी भोंगा नाही, पण सातला सगळ्यांचे फोन एका डब्यात जाऊ शकतात. बाबांचापण. ऑफिसचा फोन येण्यासारखा असेल तर रिंग मोठी ठेवा, वाजला की उचला, बोलून झालं की परत डब्यात.

सुरुवातीला पोरं चिडचिड करतात, भूक लागली म्हणतात, उगाच भांडण उकरून काढतात. त्या वेळेला खाली खेळायला सोडा किंवा भाजी निवडायला बसवा. आयपीएलच्या दिवसांत मात्र सात ते साडेआठ हट्टानं धरू नका, वेळ आधीची घ्या. नाहीतर डबा पहिल्यांदा बाबाच उघडतात.