जपानी संगीतकारांचं वाद्यवृंद-संगीत ऐकायला सुरुवात कशी करावी

सुरुवात युझो तोयामांच्या ‘रॅप्सडी फॉर ऑर्केस्ट्रा’ने (1960) करा. सात-आठ मिनिटांची रचना, जपानी लोकगीतांच्या चाली, शेवट दणदणीत. ती आवडली की अकिरा इफुकुबेंची ‘जॅपनीज रॅप्सडी’ (1935) लावा. ‘गॉडझिला’चं 1954 सालचं पार्श्वसंगीत यांचंच.

तोरू ताकेमित्सू मात्र घाईने ऐकू नका. बहुतेक जण थेट ‘नोव्हेंबर स्टेप्स’वर (1967) उडी मारतात आणि कंटाळतात, कारण तिथे धरून ठेवायला ओळखीची चाल नसते. बिवा आणि शाकुहाची ही दोन जपानी वाद्यं वाद्यवृंदासमोर उभी आहेत. त्यांच्या स्वरांमधली शांतता हाही रचनेचाच भाग आहे. म्हणून आधी ‘रेक्विएम फॉर स्ट्रिंग्ज’ (1957) दोनदा ऐका. हेडफोन हवाच; फोनच्या स्पीकरवर हळुवार स्वर पार विरून जातात.

शोधताना नावं अडवतात. जपानीत आडनाव आधी येतं, त्यामुळे ‘ताकेमित्सू तोरू’ असंही शोधा. कोसाकु यामादांच्या ध्वनिमुद्रणांवर बऱ्याचदा ‘कोश्चाक’ छापलेलं असतं. नाक्सोस या ध्वनिमुद्रण कंपनीची ‘जॅपनीज क्लासिक्स’ मालिका हाताशी ठेवली, तर ही शोधाशोध बरीच वाचते.