‘अँटिसिपेट’ कधी म्हणावं, ‘एक्स्पेक्ट’ कधी?

मे महिन्यातली दुपार. गच्चीवर जुन्या साडीवर कुरडया वाळत घातल्यात. खाली ओट्यावर बसलेले काका आभाळाकडे बघून म्हणतात, “आज वळीव येतोय बहुतेक,” आणि पुन्हा पेपरात डोकं घालतात. काकू काहीच बोलत नाहीत. वारा पडलाय, अंगाची काहिली होतेय, एवढ्यावरून त्या गच्ची गाठतात. पहिला थेंब पडायच्या आत साडीची चारी टोकं गोळा होऊन वाळवण घरात आलेलं असतं. इंग्रजीत सांगायचं तर काकांनी पाऊस ‘एक्स्पेक्ट’ केला, काकूंनी ‘अँटिसिपेट’ केला.

शब्दकोशात दोन्हींपुढे ‘अपेक्षा करणे’ असं लिहिलेलं सापडतं आणि घोळ तिथेच सुरू होतो. म्हणून आधी शब्दाची फोड करा. सुरुवातीचं ‘अँटि’ पाहून ‘अँटी-करप्शन’ आठवतं, पण इथे विरोधाचा काही संबंध नाही. हे लॅटिनमधलं ‘अँटे’, म्हणजे आधी. सकाळच्या वेळेपुढे आपण ‘ए.एम.’ लिहितो त्यातला ‘ए’ हाच. पुढचा भाग ‘कापेरे’ या क्रियापदातून आलाय, म्हणजे पकडणे, घेणे; ‘कॅप्चर’ याच घराण्यातला. दोन्ही जोडले की ‘आधीच हातात घेणे’. वाळवण डोळ्यांपुढे आणा, बरोबर तेच.

आता वाक्य लिहिण्याआधी स्वतःला विचारा: पुढचं ओळखून कुणी काही केलंय का, निदान तयारी तरी? केलं असेल तर ‘अँटिसिपेट’. फलंदाज स्वीपसाठी गुडघा टेकतोय हे दिसताच यष्टिरक्षक चेंडू यायच्या आधीच लेग साइडला सरकतो, तेव्हा समालोचक ‘ग्रेट अँटिसिपेशन’ म्हणतो ते याचसाठी. याचं मराठी करताना ‘त्याने स्वीपची अपेक्षा केली’ असं लिहू नका, जीव जातो वाक्यातला. ‘त्याने स्वीप आधीच हेरला’ म्हणा. नुसता अंदाज किंवा खात्री असेल तर ‘एक्स्पेक्ट’ पुरे. ‘वुई अँटिसिपेट अ डिले ऑफ टू डेज’ असं ऑफिसच्या मेलमध्ये सर्रास दिसतं आणि ते चूक नाही, आजचे इंग्रजी कोशही हा सैल अर्थ देतात. पण मला तिथे साधं ‘एक्स्पेक्ट’च बरं वाटतं. मोठा शब्द वापरल्याने माल लवकर पोचत नाही. एक जागा मात्र फक्त ‘एक्स्पेक्ट’ची: ‘शी इज एक्स्पेक्टिंग’ म्हणजे तिला दिवस गेलेत. तिथे ‘अँटिसिपेटिंग’ घातलंत तर समोरचा विचारेल, कशाचं?

व्याकरणात आपले लोक दोन ठिकाणी हमखास अडकतात. ‘वेटिंग फॉर’च्या सवयीने ‘अँटिसिपेटिंग फॉर द रिझल्ट’ लिहितात. इथे ‘फॉर’ नको. दुसरं, ‘आय एक्स्पेक्ट यू टू कम’ चालतं, पण ‘आय अँटिसिपेट यू टू कम’ चालत नाही. ‘अँटिसिपेट’पुढे थेट नाम येतं, ‘-इंग’ लागलेलं क्रियापद येतं किंवा ‘दॅट’ने सुरू होणारं वाक्य. बोलताना जोर ‘टि’वर द्या, ‘अँ’वर नाही.

आनंदाने वाट पाहायची असेल, गणपतीच्या आदल्या रात्री मखर लावताना घरात जी हुरहूर असते तशी, तर नाम वापरा: ‘अँटिसिपेशन’. पत्रात मात्र ‘लुकिंग फॉरवर्ड टू’ हेच सुटसुटीत. त्यातल्या ‘टू’नंतर ‘मीट यू’ नाही, ‘मीटिंग यू’ येतं. आणि जपून, ही आतुरता फक्त सुखाच्या गोष्टींची. मित्राच्या वडिलांच्या ऑपरेशनला ‘लुकिंग फॉरवर्ड’ म्हणालात तर मैत्री संपेल. ‘अँटिसिपेट’ला बरं-वाईट दोन्ही चालतं, संकटसुद्धा.

अर्जाच्या शेवटी ‘थँकिंग यू इन अँटिसिपेशन’ लिहायला आम्हाला शाळेत शिकवलं होतं. मी ते वर्षानुवर्षं भक्तिभावाने लिहिलं, अर्थ न कळता. अर्थ असा: तुम्ही काम करणारच, म्हणून आभार आत्ताच. एका कार्यालयात नळाच्या तक्रारीचा अर्ज दिला, तो वाचून खिडकीपलीकडचे गृहस्थ म्हणाले, “आभार कसले, अजून काही केलं कुठंय?” बोलणं खोचक होतं, पण खरं होतं. ज्याने अजून होकार दिलेला नाही त्याला हे गृहीत धरणं खुपू शकतं. तिथे ‘आय वुड बी ग्रेटफुल इफ’ अशी सुरुवात करून विनंती लिहा.

बातम्यांतली ‘अँटिसिपेटरी बेल’ तर रोजची. अटक होईल अशी भीती वाटते म्हणून आधीच मागितलेला जामीन. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तो कलम ४३८ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ मध्ये आहे. गंमत म्हणजे जुन्या कलमाच्या मूळ मजकुरात ‘अँटिसिपेटरी’ हा शब्दच नव्हता. तो वकिलांच्या आणि न्यायालयांच्या तोंडी रुळलेला. आणि मराठीत याला कुणी ‘अपेक्षित जामीन’ केलं नाही, ‘अटकपूर्व’ म्हटलं. लॅटिनमधलं ‘अँटे’ त्या ‘पूर्व’मध्ये अचूक उतरलंय.