किशोरवयीन आत्महत्यांवर लघुप्रबंध लिहिताय? या चुका टाळा

सिनॉप्सिसच्या, म्हणजे संशोधनाच्या आराखड्याच्या, पहिल्याच पानावर हमखास एक वाक्य असतं: ‘२०२२ मध्ये भारतात १३,०४४ किशोरवयीनांनी आत्महत्या केल्या.’ आकडा एनसीआरबीचाच (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचाच) आहे, पण तो विद्यार्थ्यांचा. त्यात २२-२३ वर्षांची इंजिनिअरिंग-मेडिकलची मुलं येतात; शाळा सोडून हॉटेलात राबणारा १५ वर्षांचा पोरगा येत नाही. वयाचा तक्ता वेगळा असतो, आणि त्यात १८ पूर्ण झालेला मुलगा थेट १८ ते ३० च्या गटात जातो. जागतिक आरोग्य संघटनेचं किशोरवय १० ते १९, तर पबमेड या वैद्यकीय शोधनिबंधांच्या डेटाबेसच्या विषयसूचीतलं १३ ते १८.

एका विद्यार्थिनीने हे सगळे आकडे एकाच आलेखावर चढवून ‘वाढता कल’ सिद्ध केला होता. व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी एवढंच विचारलं, “यातला सगळ्यात मोठा मुलगा किती वर्षांचा?” ती गप्प. निष्कर्षाचं प्रकरण अख्खं पुन्हा लिहावं लागलं. मी आकडा उतरवण्याआधी शेजारी पेन्सिलीने वयोगट लिहितो. कंटाळवाणं काम आहे. तयार तक्ता उचलून रात्रीत प्रकरण संपवणाऱ्यांना ते झेपत नाही.

‘शोधनिबंध वाढले, म्हणजे आत्महत्या वाढल्या’ असं लिहू नका. शोधनिबंध सगळ्याच विषयांवर वाढलेत. त्या वर्षीच्या एकूण मानसशास्त्रीय निबंधांत तुमच्या विषयाचा वाटा किती, ते काढा.

‘परीक्षेतील अपयश’ हे कारण पोलिसांच्या नोंदीतून येतं. ते निदान नव्हे.

शोधनिबंध शोधताना एकाच डेटाबेसवर भागवू नका.

फ्रँकलिन या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये आत्महत्येच्या धोक्यावरचे ५० वर्षांतले ३६५ अभ्यास एकत्र तपासले. धोक्याच्या घटकांवरून केलेलं भाकीत नाणेफेकीपेक्षा किंचितच बरं निघालं. आणि आमचे विद्यार्थी शंभर गूगल फॉर्मवर ‘धोका ओळखणारी प्रश्नावली’ बनवतात!

आता त्या फॉर्मबद्दल. आत्महत्येबद्दल विचारल्याने मुलांच्या मनात भलतं येतं, ही भीती निराधार आहे. गूल्ड या संशोधिकेने २००५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या दोन हजारांवर शाळकरी मुलांवर हे तपासलं, तसा काही परिणाम दिसला नाही. पण एखाद्या मुलाने ‘हो’ लिहिलं तर त्याच दिवशी त्याच्याशी कोण बोलणार? समुपदेशकाचं नाव आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फॉर्मवर नसेल, उत्तरं रोज वाचायची तयारी नसेल, तर मी सही करत नाही. ‘सर, आधी डेटा येऊ द्या, मग बघू’ म्हणणाऱ्यांना मी विषय बदलायला सांगतो.