लेखनिक व्हायचंय? आधी गप्प बसायला शिका

दृष्टिहीन विद्यार्थ्यांना परीक्षेत लेखनिक, म्हणजे ते सांगतील ते उत्तर कागदावर उतरवणारा माणूस लागतो, एवढं मला ठाऊक होतं. अक्षर बरं आहे, वेळ मोकळा आहे, मग अवघड काय, असं वाटून मी हो म्हटलं.

मला या कामात ओढलं एका काकूंनी. निवृत्त झाल्यापासून त्या हेच करतात. मानधन घेत नाहीत, सत्काराला बोलावलं तर जात नाहीत. परीक्षांच्या दिवसांत घरचा कुठलाही बेत पेपरच्या तारखा सोडूनच ठरतो. मी पार भारावून गेले होते. नुसतं भारावून भागत नाही, हे पहिल्याच पेपरला कळलं.

इतिहासाचा पेपर होता. मुलगा छान ओघात सांगत होता. फ्रेंच राज्यक्रांतीचं वर्ष आलं आणि तो म्हणाला, १७९८. मला १७८९ पाठ. मी चकार शब्द काढला नाही, फक्त पेन क्षणभर अडलं. कागदावरचा आवाज थांबताच त्याने मान वळवली. "चुकलं का?" मी "नाही नाही, सांग पुढे" म्हणेपर्यंत त्याने आकडे फिरवले होते.

बाहेर आल्यावर हे मी काकूंना जरा कौतुकानेच सांगितलं. त्या म्हणाल्या, "पेन थांबलं म्हणजे तू बोललीस. तो मार्क आता त्याचा राहिला नाही. आणि उद्या बरोबर उत्तर लिहिताना तुझं पेन अडलं, तर तो तेही बदलेल."

पैसे घेतले नाहीत की झाली निःस्वार्थ सेवा, असं मी धरून चालले होते. इथे आपल्याला येत असलेलं उत्तरही दाराबाहेर ठेवावं लागतं. पैसे नाकारणं त्या मानाने फार सोपं.

दिसत नसलेल्या आणि ऐकू येत नसलेल्या अमेरिकन लेखिका हेलन केलर यांनी १८९९ मध्ये तिथल्या रॅडक्लिफ कॉलेजची प्रवेशपरीक्षा दिली, तेव्हा त्यांच्या शिक्षिका अ‍ॅन सलिव्हन यांना पेपर वाचून सांगायला मनाई होती. दुसऱ्या एका शिक्षकांनी प्रश्न ब्रेलमध्ये, म्हणजे बोटांनी वाचायच्या उठावदार ठिपक्यांच्या लिपीत, उतरवले. नियम म्हणून ठीकच. पण बीजगणिताची चिन्हं निघाली अमेरिकन पद्धतीची, आणि केलरना सवय इंग्लिश ब्रेलची. हे कळलं परीक्षेच्या जेमतेम दोन दिवस आधी.

म्हणून आधी एकदा तरी भेटा आणि बोलण्याची पद्धत ठरवा. गणिताला तर हवंच. "अ अधिक ब चा वर्ग" म्हटलं की वर्ग नुसत्या ब चा, की दोघांच्या बेरजेचा? काकू "कंस सुरू, कंस बंद" असं म्हणतात आणि विद्यार्थ्यालाही म्हणायला लावतात. वेळ दर अर्ध्या तासाने सांगायची की विचारल्यावरच, हेही तेव्हाच ठरतं. काहींचा मधेच आवाज आला की विचारांचा धागा तुटतो.

पेपर हातात पडला की आधी सगळा वाचून दाखवा, गुणांसकट. कुठला प्रश्न आधी घ्यायचा, हे तो ठरवेल. बहुपर्यायी प्रश्न मात्र जपून. चारही पर्याय एका सुरात वाचता येतात का, घरी रेकॉर्ड करून बघा. मी केलं. बरोबर पर्यायावर माझा आवाज चक्क चढत होता! इंग्रजी पेपरात विशेषनामाचं स्पेलिंग विचारून घ्या, स्वतःच्या मनाने सुधारू नका.

लेखनिकाचं शिक्षण किती असावं, त्याच विषयाचा चालतो का, जादा वेळ किती, आकृतीऐवजी दुसरा प्रश्न मिळतो का, हे परीक्षेगणिक बदलतं. विद्यार्थ्याच्या ऐकीव माहितीवर जाऊ नका, चालू वर्षाचं परिपत्रक स्वतः वाचा.

आणि होकार जपून द्या. काही परीक्षांना लेखनिकाचं नाव आधीच मंजूर करून घ्यावं लागतं, मग ऐनवेळी दुसरा माणूस मिळाला तरी उपयोग नाही. उत्साहाच्या भरात दहा पेपर घेऊन दोन बुडवणाऱ्यांवर काकूंचा फार राग. पहिल्या वर्षी तीन घ्या, पुरे.

नोकरीमुळे वेळा जुळत नसतील तर नोट्स टाइप करून द्या. पानांचे फोटो पाठवून काम होत नाही. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, अक्षरं वाचतो, चित्र नाही. एनव्हीडीए हा असाच एक मोफत स्क्रीन रीडर. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने त्यावर काम सुरू केलं आणि जेम्स तेह हा दुसरा दृष्टिहीन प्रोग्रॅमर त्याला येऊन मिळाला. असा प्रोग्रॅम हाताशी असताना आपण धूसर फोटो पाठवायचे, हे काही बरं नाही.

मी आता चालत असेल तिथे जेल पेन वापरते. त्याचा आवाज जवळजवळ होत नाही. काकूंना सांगितलं, तर म्हणाल्या, "श्वास ऐकू येतो गं."